तादाओ आंदो: साइटवर घडलेला वास्तुविशारद

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचे सारे आयुष्य शाळा उभ्या करण्यात आणि चालवण्यात गेले. म्हणून यंदा वास्तुकलेवर बोलायचे ठरले, तेव्हा ज्याच्यामुळे शिक्षणाविषयीही बोलता येईल असा माणूस मी शोधला. ओसाकाचे तादाओ आंदो यांच्याकडे विद्यापीठाची कोणतीही पदवी नाही. त्यांचे औपचारिक शिक्षण तंत्रशाळेत संपले. 1995 साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले, वास्तुकलेतला जगातला सर्वांत मोठा सन्मान. 1997 मध्ये टोकियो विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले. त्याआधीच येल, कोलंबिया आणि हार्वर्डमध्ये ते पाहुणे प्राध्यापक म्हणून शिकवून आले होते.

ही कहाणी बहुतेक वेळा चमत्कारासारखी सांगितली जाते: एक बॉक्सर होता, त्याने एक पुस्तक पाहिले आणि तो थोर वास्तुविशारद झाला. मला ही मांडणी पटत नाही. चमत्कार म्हटले की आपली जबाबदारी संपते. त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही. आंदोंना गुरू होते, भरपूर होते. ते कोण होते आणि ते त्यांना कसे भेटले, हेच मला आज सांगायचे आहे.

आंदोंचा जन्म 13 सप्टेंबर 1941चा. ते जुळे. आई माहेरची एकुलती एक. त्या घराण्याचे नाव चालावे म्हणून पहिले मूल आजोळी द्यायचे, हे लग्नाच्या वेळीच ठरले होते. त्याप्रमाणे तादाओ आजीकडे वाढले आणि धाकटा भाऊ आईवडिलांकडे राहिला. आजोबा लवकर गेले. आजी एकटीने छोटासा व्यवसाय करून घर चालवत होती. शिस्तीची कडक, पैशाच्या व्यवहारात चोख, पण अभ्यासाचा तगादा लावणारी नव्हती. ओसाकातले ते घर ‘नागाया’ पद्धतीचे होते. नागाया म्हणजे भिंतीला भिंत लागलेली लाकडी घरांची ओळ, आपल्या बैठ्या चाळीची जपानी बहीण. दर्शनी बाजू अरुंद, आत खोलच खोल, उजेड जेमतेम, हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी. त्या गल्लीत सुताराचा कारखाना होता. शाळा सुटली की मुलगा तिथे. लाकडाला दिशा असते, एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या वागत नाहीत, घाई केली तर सांधा बसत नाही, हे तो तिथे हाताने शिकला. हे पहिले गुरुकुल.

तादाओ 14 वर्षांचे असताना त्या घरावर माडी चढवायचे काम निघाले. छप्पर उतरवले आणि आयुष्यभर अंधारात असलेल्या खोलीत वरून ऊन पडले. काम करणारा तरुण सुतार जेवणसुद्धा विसरून राबत होता. आंदोंनी पुढे ही आठवण पुन:पुन्हा सांगितली आहे. त्यांच्या इमारतींत प्रकाश नेहमी अंधारातून वाट काढत येतो, चोहोबाजूंनी भसकन घुसत नाही. त्याचे मूळ मला या प्रसंगात दिसते.

बॉक्सिंगचा भाग थोडक्यात सांगतो. 17व्या वर्षी त्यांनी व्यावसायिक बॉक्सरचा परवाना मिळवला. लढतीसाठी एकटे थायलंडला जाऊन आले. पुढे जगज्जेता झालेला फायटिंग हारादा एकदा त्यांच्या जिममध्ये सरावाला आला. त्याचा वेग आणि ताकद पाहून आंदोंनी ओळखले की इथे आपण कितीही मेहनत केली तरी त्या उंचीला पोचणार नाही. त्यांनी ग्लोव्हज उतरवले. स्वतःची मर्यादा इतक्या लवकर आणि इतक्या स्वच्छपणे ओळखणे हीसुद्धा एक कमाईच आहे.

मग शिक्षण सुरू झाले. विद्यापीठात जायला पैसे नव्हते आणि शाळेतले गुणही तसे नव्हते. त्यांनी कॉलेजात शिकणाऱ्या मित्रांना सांगून वास्तुकलेची पाठ्यपुस्तके मागवली आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम एका वर्षात वाचून काढायचा निश्चय केला. दिवसा अंतर्गत सजावटीची, फर्निचरची मिळतील ती कामे, रात्री अभ्यास. चित्रकलेसाठी पत्रद्वारा अभ्यासक्रम केला. समजले नाही तर विचारायला कोणी नव्हते. आपण बरोबर दिशेने जात आहोत की नाही हे सांगणारे कोणी नाही, हा एकटेपणा फार जाचक होता, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. घरबसल्या शिकण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

साधारण विशीत ओसाकाच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना नामवंत वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या कामांचा ग्रंथ दिसला. खिशात तेवढे पैसे नव्हते. कोणी दुसऱ्याने उचलू नये म्हणून दर खेपेला ते तो ढिगाच्या तळाशी सरकवून ठेवत आणि दुकानदार तो पुन्हा वर काढून ठेवी. पैसे जमायला महिनाभर लागला. पुस्तक घरी आल्यावर ते नुसते वाचले नाही. त्यातले आराखडे ट्रेसिंग करून गिरवले, इतक्या वेळा की रेषा हाताला पाठ झाल्या. आपल्याकडे गायकाच्या गळ्यावर घराणे चढते ते असेच. कॉर्ब्युझिए यांच्याकडेही वास्तुकलेची पदवी नव्हती. स्वित्झर्लंडच्या ला शो-द-फोंमधल्या कलाशाळेत ते घड्याळाच्या डब्यांवर नक्षी कोरायला शिकत होते. हे समजल्यावर त्या तरुणाला केवढा धीर आला असेल!

जपानी नागरिकांना परदेशप्रवास 1964 साली मोकळा झाला. पुढच्याच वर्षी साठवलेले सगळे पैसे घेऊन आंदो निघाले. जहाजाने नाखोदका, तिथून सायबेरियातून रेल्वेने मॉस्को, मग फिनलंड आणि युरोप. पैसा साठवून ठेवण्यासाठी नसतो, तो स्वतःला घडवण्यासाठी वापरायचा असतो, अशी आजीची शिकवण होती. पॅरिसला जाऊन कॉर्ब्युझिए यांना भेटायचे ही मोठी आस होती. पण 27 ऑगस्ट 1965 रोजी भूमध्य समुद्रात पोहताना कॉर्ब्युझिए गेले. आंदो पोचले तेव्हा भेटण्यासाठी फक्त इमारती उरल्या होत्या. पुढे त्यांनी पाळलेल्या कुत्र्याचे नाव ल कॉर्ब्युझिए ठेवले. हे ऐकून कोणी हसते, पण त्यामागे न झालेल्या भेटीची हुरहुर आहे.

इथे मला पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी आठवतात. जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते 1951 मध्ये कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसच्या कार्यालयात दाखल झाले, सुरुवातीचे आठ महिने बिनपगारी, आणि नंतर अहमदाबादमधली त्यांची कामे पाहायला परतले. दोशींना प्रित्झकर मिळाले 2018 मध्ये. एकाच गुरूचे हे दोन शिष्य: एक समोर बसून शिकला, दुसरा छापील पानांवरून. दोघेही शेवटी गुरूपासून दूर गेले आणि आपापल्या मातीत रुजले. दोशींनी उष्ण प्रदेशातल्या सावलीचा विचार केला, आंदोंनी भिंतीचा.

त्याच प्रवासात रोममध्ये पॅन्थिऑनच्या घुमटाखाली आंदोंनी माथ्यावरच्या सुमारे नऊ मीटर व्यासाच्या उघड्या छिद्रातून येणारा प्रकाशाचा झोत पाहिला. परतीचा मार्ग मार्सेयहून जहाजाने, आफ्रिकेला वळसा घालून, भारत आणि फिलिपाइन्स करत होता. भारतात ते वाराणसीला गेले. घाटावर एका बाजूला स्नान, एका बाजूला जळती चिता आणि मधून गंगा. आयुष्य कसे जगायचे हा प्रश्न तिथे बसून आपल्याला भिडला, असे ते सांगतात.

1969 मध्ये त्यांनी ओसाकात स्वतःचे कार्यालय उघडले. कामे कोणी देईना. तेव्हा ते आपणहून लोकांकडे जात, तुमच्या जागेवर असे काही करता येईल म्हणून न मागितलेले आराखडे दाखवत आणि नकार घेऊन परतत. शहरातल्या चिंचोळ्या जागांवरच्या छोट्या घरांविषयी त्यांनी 1973 मध्ये एक लेख लिहिला. त्यात अशा घरांना त्यांनी गनिमी घरे म्हटले होते: बकाल, गोंगाटी शहराविरुद्ध एका कुटुंबाने उभारलेला मोर्चा.

आता 1976 सालच्या एका घरासमोर आपण थांबू. ओसाकाच्या सुमियोशी भागात एकमेकींना चिकटलेली तीन जुनी लाकडी घरे होती. त्यातले मधले पाडून तिथे नवे घर बांधायचे. बजेट अगदी बेताचे. रुंदी सुमारे साडेतीन मीटर, लांबी सुमारे चौदा. रस्त्याकडून पाहिले तर कॉंक्रीटची एक कोरी भिंत आणि मध्ये दाराची पोकळी. खिडकी एकही नाही. आत शिरल्यावर लांबीचे तीन समान भाग दिसतात. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, वर दोन्ही टोकांना एकेक झोपायची खोली. मधला तिसरा भाग पूर्ण उघडा. त्यावर छप्पर नाही, काच नाही. वरच्या दोन खोल्यांना जोडणारा पूल त्या उघड्या चौकातून जातो आणि जिनाही तिथूनच उतरतो. एवढ्या टीचभर जागेतला तिसरा हिस्सा आभाळाला देऊन टाकलेला! घराला ऊन, वारा आणि उजेड त्या चौकातूनच मिळतो.

म्हणजे रात्री पाऊस पडत असेल आणि झोपायच्या खोलीतून न्हाणीघरात जायचे असेल, तर छत्री घेऊन जिना उतरायचा. यावर जपानमध्ये खूप टीका झाली. थंडीचे काय, असे मालकांनी विचारल्यावर आंदोंचे उत्तर होते की अंगावर आणखी एक कपडा चढवा. ज्येष्ठ वास्तुविशारद तोगो मुरानो एका पारितोषिकाचे परीक्षक म्हणून ते घर पाहायला आले. पारितोषिक द्यायचेच तर इथे राहणाऱ्याला द्यायला हवे, असा त्यांचा अभिप्राय होता. 1979 मध्ये जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेने या घराला आपले पारितोषिक दिले. मालक त्याच घरात पुढे अनेक दशके राहिले.

मी या टीकेला सोडून देत नाही. म्हातारपणी, आजारपणात, तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन तो चौक ओलांडणे कष्टाचे आहे. ज्यांचे बालपण कोकणात गेले आहे, ज्यांनी मुसळधार पावसात अंगण तुडवत विहिरीवर आणि न्हाणीकडे धाव घेतली आहे, ते या घराचे कौतुक करताना जरा थांबतील, आणि त्यांनी थांबलेच पाहिजे. तरीही मी हे घर विसाव्या शतकातल्या मोठ्या घरांपैकी एक मानतो. गरिबीमुळे उघड्यावर जावे लागणे निराळे. इथे मालकाच्या संमतीने, पूर्ण विचार करून ऋतूंना घरात जागा दिली आहे. ओसाकात तेव्हा हवा बंद करून यंत्राने थंड करणे म्हणजेच प्रगती असे मानले जात होते. त्याच काळात पस्तिशीतल्या, पदवी नसलेल्या एका वास्तुविशारदाने पाऊस अनुभवणे हा राहण्याचाच भाग आहे असे कॉंक्रीटमध्ये लिहून दिले. कॉलेजात शिकलेल्या माणसाने असा आराखडा काढला असता का? वर्षानुवर्षे परीक्षकांसमोर उभे राहून जी सवय लागते ती उत्तरे सुरक्षित ठेवण्याची. आंदोंना ती सवय कोणी लावलीच नव्हती.

आता त्या कॉंक्रीटविषयी. आंदोंची भिंत जवळून पाहिली की तिच्यावर आडव्याउभ्या बारीक रेषांची चौकट दिसते. प्रत्येक चौकटीत सहा गोल खड्डे असतात, एका मापाचे, एका अंतरावर. रेषा म्हणजे शटरिंगच्या प्लायचे सांधे. खड्डे म्हणजे दोन्ही बाजूंचे शटरिंग जागेवर धरून ठेवणाऱ्या सळयांच्या टोकांच्या जागा. प्लायचे माप साधारण 90 बाय 180 सेंटिमीटर, म्हणजे तातामी चटईच्या जवळपास. खोलीचे माप आधीच असे ठरवायचे की प्लाय कुठे कापावाच लागू नये, खिडकीची कड सांध्यावरच यावी. सगळे गणित कॉंक्रीट ओतण्याआधी संपलेले असते.

आपल्या साइटवर काय होते? सेंट्रिंग थोडे फुगले, सांध्यातून सिमेंटचे पाणी गळाले, सळ्यांच्या दाटीत खडी अडकून पोकळी राहिली, तर चिंता नसते. वर गिलावा येणार असतो. आंदोंच्या भिंतीवर गिलावा नाही, रंग नाही. ओतताना झालेली चूक इमारतीच्या आयुष्यभर तशीच दिसत राहणार. त्यामुळे ओतण्याच्या दिवशी कामगार शटरिंगला बाहेरून ठोके देत असतात, बांबूने आतले कॉंक्रीट खोचत असतात आणि वास्तुविशारद स्वतः साइटवर हजर असतो. गवंडी, सुतार आणि सळीवाले यांच्या जबाबदारीची ही भिंत आहे. आंदो साइटवर फार कडक वागत आणि वयाने ज्येष्ठ कारागीरही त्यांचे ऐकत, कारण हा माणूस हत्यार हातात धरलेला आहे हे त्यांना दिसत होते.

हल्ली पुण्या-मुंबईतल्या कॅफेंमध्ये आणि फ्लॅटमध्ये विटांच्या भिंतीवर ‘कॉंक्रीट फिनिश’चे टेक्श्चर मारून त्यावर सांध्यांच्या खोट्या रेषा आणि खोटे खड्डे पाडतात. मला याचे खरोखर वाईट वाटते. ज्या खुणा प्रामाणिकपणातून उमटल्या त्यांची नक्कल अप्रामाणिकपणे होते आहे. आणि सिमेंट ही काही निरुपद्रवी वस्तू नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात तिचा वाटा सुमारे आठ टक्के मानला जातो. आंदोंचे थोडके, जाड, दीर्घकाळ टिकणारे कॉंक्रीट हा एका काळाचा उपाय होता. आज तो जसाच्या तसा उचलायचे कारण नाही.

ओसाकाजवळच्या इबाराकीमधले प्रकाशाचे चर्च 1989 मध्ये पूर्ण झाले. छोट्या मंडळीचे चर्च, पैसे तुटपुंजे आणि जपानमध्ये बांधकामाचे दर गगनाला भिडलेले. छपरापुरते पैसे उरतील की नाही अशी वेळ आली, तेव्हा आंदोंनी छप्पर नसलेल्या चर्चचाही विचार करून ठेवला होता. बांधकाम करणाऱ्यांनी पदरमोड करून ते पूर्ण केले. आत फक्त कॉंक्रीटचा एक लांबट डबा आणि त्याला तिरकी छेदणारी एक भिंत. वेदीमागच्या भिंतीत आडवी आणि उभी अशी पूर्ण लांबीची फट ठेवली आहे. अंधाऱ्या खोलीत बाहेरचा उजेडच क्रूस होतो. जमीन आणि बाके परांचीच्या फळ्यांची केली, ज्यांच्यावर उभे राहून मजूर काम करतात त्याच जातीच्या स्वस्त फळ्या. आणि जमीन वेदीकडे उतरत जाते, त्यामुळे धर्मोपदेशक भाविकांच्या वर उभा राहत नाही. क्रूसाच्या फटीला काच नको होती असे आंदोंचे मत होते, वारासुद्धा आत आला पाहिजे. मंडळींना थंडी वाजेल म्हणून काच बसली. 2017 मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय कला केंद्रातल्या प्रदर्शनात त्यांनी पूर्ण मापाची प्रतिकृती बांधली आणि तिथे काच लावली नाही. अठ्ठावीस वर्षे ही गोष्ट त्यांनी डोक्यातून जाऊ दिली नव्हती!

बाकीच्या कामांवरून भराभर जातो. कोबेजवळ रोक्को इथे 60 अंशांच्या उतारावर बांधलेली घरे. अवाजी बेटावरचे जलमंदिर, जिथे कमळांच्या तळ्यामधून जिना खाली गाभाऱ्यात उतरतो. नाओशिमा बेटावर तांबे शुद्ध करण्याच्या कारखान्याच्या धुराने टेकड्या उघड्याबोडक्या झाल्या होत्या, तिथे 1992 पासून एकामागून एक कलादालने. त्यातले 2004चे चिचू संग्रहालय जवळजवळ पूर्ण जमिनीखाली आहे आणि तिथे चित्रकार मोनेची कमळांची चित्रे फक्त वरून झिरपणाऱ्या उजेडात पाहायची. मग सेंट लुइस, फोर्ट वर्थ, व्हेनिस, पॅरिस. ओसाकाच्या नाकानोशिमातल्या जुन्या सभागृहाच्या पोटात कॉंक्रीटचे अंड्याच्या आकाराचे दालन बसवायची त्यांची 1980च्या दशकातली कल्पना नाकारली गेली होती. 2021 मध्ये पॅरिसच्या जुन्या गोलाकार व्यापार भवनात त्यांनी कॉंक्रीटचा दंडगोल बसवला तो त्याच कल्पनेच्या पोटचा. आणि नाकानोशिमातच 2020 मध्ये मुलांसाठी वाचनालय बांधून त्यांनी ते शहराला भेट दिले.

माझे मत स्पष्ट सांगतो. या मोठ्या इमारती देखण्या आहेत, पण श्रीमंत संस्थांसाठी काम करताना ती सुमियोशीची धग कमी झाली. पैसा आणि जागा मुबलक असली की आंदोंची भिंत कधी कधी नुसती भारदस्त दिसते. अडचणीशी झुंजताना ते सर्वांत मोठे ठरले.

माणूस मात्र झुंजत राहिला. जानेवारी 1995च्या भूकंपात कोबे उद्ध्वस्त झाले आणि त्याच वर्षी प्रित्झकरचे एक लाख डॉलर मिळाले. ते त्यांनी भूकंपात अनाथ झालेल्या मुलांसाठी देऊन टाकले. 2009 आणि 2014 मध्ये कर्करोगामुळे पित्ताशय, पित्तनलिका, लहान आतड्याचा वरचा भाग, स्वादुपिंड आणि प्लीहा काढावे लागले. त्यानंतरही ते कामावर परतले.

आता पदवीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आंदोंची चिकाटी असामान्य होती, हे खरेच. पण त्यांच्या देशाने एक दार उघडे ठेवले होते. जपानमध्ये कामाचा अनुभव दाखवून, पदवी नसतानाही, परवान्याच्या परीक्षेपर्यंत पोचण्याची वाट होती. आंदो त्या वाटेने गेले, परीक्षा उत्तीर्ण झाले आणि कायद्याने वास्तुविशारद झाले.

आपल्याकडे 1972चा वास्तुविशारद कायदा आहे. तो आला तेव्हा आधीपासून पाच वर्षे व्यवसाय करणाऱ्यांना पदवीशिवाय नोंदणीची सोय होती. ती एकदाच दिली गेली. नंतर मान्यताप्राप्त पदवीशिवाय नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय स्वतःला वास्तुविशारद म्हणवता येत नाही. इमारतीचा आराखडा करण्यावर हा कायदा बंदी घालत नाही, बिरुदावर घालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. पण बिरुद नसले की मोठी कामे, सरकारी कामे आणि स्वतःच्या नावाची सही ही सगळी दारे बंद होतात. आपल्या महाराष्ट्रात नारी गांधी होऊन गेले. जे. जे.मधून पदवी न घेता ते अमेरिकेत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे राहून शिकले आणि लोणावळा, अलिबाग परिसरात कारागिरांच्या बरोबरीने, बहुतेक वेळा कागदी नकाशांशिवाय, अप्रतिम घरे बांधली. 1993 मध्ये ते गेले. त्यांच्यासारख्याला आपण आदराने अपवाद म्हणतो आणि दार बंदच ठेवतो.

प्रत्येक वास्तुविशारदाच्या कार्यालयात वीस-पंचवीस वर्षे राबलेला एक ड्राफ्ट्समन असतो. जिन्याची पायरी कुठे अडेल, पावसाचे पाणी कुठून आत येईल हे त्याला नव्या पदवीधरापेक्षा चांगले कळते. नव्या मुलांना तोच शिकवतो. सही मात्र त्याला कधीच करता येत नाही. साइटवर असे सुपरवायझर आहेत, असे सुतार आहेत. अशा माणसांसाठी परीक्षा सोपी करा असे मी म्हणत नाही. लोकांचे जीव ज्या छपराखाली असतात तिथे परीक्षा कठीणच हवी, पदवीधरांच्या परीक्षेहून कठीण ठेवा. पण त्यांना तिला बसू द्या. या सभागृहात वास्तुशास्त्र महाविद्यालयांतले शिक्षक बसले आहेत, व्यवसायातली ज्येष्ठ मंडळी आहेत. अनुभवाच्या आधारावर नोंदणीपर्यंत नेणारी खुली परीक्षा सुरू व्हावी, ही मागणी आपण सर्वांनी मिळून वास्तुविशारद परिषदेकडे आणि सरकारकडे लेखी करावी, अशी माझी आपल्याला विनंती आहे.